काळ्या डबीतला पांढरा खडा

मित्रांनो, मी चंद्रावरचा एक खडा आहे. आकाराने बोराएवढा, पण वयाने इतका मोठा की मला वडीलधारा म्हणावा असा दगड तुमच्या पृथ्वीवर शोधूनही सापडायचा नाही.

माझा जन्म झाला तेव्हा चंद्र वितळलेला होता. जड खनिजं तळाशी बसली आणि आम्ही हलके, पांढरे स्फटिक वर तरंगलो. दुधावर साय धरते तसे आम्ही एकत्र आलो, गोठलो आणि चंद्राचं पहिलं कवच झालो. पृथ्वीलाही सुरुवातीला कवच आलं होतं, पण तिने ते केव्हाच पुन्हा वितळवून टाकलं. चंद्र मात्र भलताच जपणारा. म्हणून तर ग्रहांचं बालपण कसं होतं ते आम्हाला विचारतात!

पुढे एक अशनी शेजारी आदळला आणि वितळलेली काळी काच माझ्या अंगभर उडाली. त्याच अवतारात अंतराळवीरांनी मला पिशवीत भरलं. प्रयोगशाळेत खडे वरच्या रंगावरून निवडायची पद्धत होती. नव्याने कामाला लागलेल्या एका सरांनी माझ्या डबीवर 'काळा, साधा' अशी चिठ्ठी चिकटवली आणि मी चाळीस वर्षं कपाटात पडून राहिलो. तेच सर त्याच कपाटाला टेकून सगळ्यांना सांगत, की एक जुना पांढरा खडा मिळू दे, चंद्राला कवच कधी आलं याचा माझा अंदाज मी सिद्ध करून दाखवतो. हसावं की रडावं तेच मला कळेना.

सरांच्या निवृत्तीला आठवडा उरला होता. त्यांच्या हाताखालच्या बाईंना नव्या करवतीचा सराव करायचा होता, म्हणून सरांनी त्यांना मलाच काढून दिलं. पहिल्याच कापात मी आतून पांढराशुभ्र निघालो. बाईंनी सरांना बोलावलं. त्यांनी मला पाहिलं, मग चिठ्ठी पाहिली.

"हे तर माझंच अक्षर," असं म्हणून ते खाली बसले.

माझा अर्धा भाग कुटून वय मोजलं. चार अब्ज चाळीस कोटी वर्षं! सरांचा अंदाज खरा ठरला. पण पक्की खात्री करायची तर उरलेला अर्धाही कुटावा लागणार होता. नाहीतर सरांना अर्धवट उत्तर घेऊनच घरी जावं लागलं असतं. बाईंनी खलबत्ता पुसून ठेवला.

"राहू द्या," सर म्हणाले. "चाळीस वर्षं मी चुकलो. आजही चुकत असेन, तर ते दाखवून द्यायला कुणाकडे तरी हा खडा हवा."

मित्रांनो, जुनी वस्तू हाती आली तर नुसत्या चिठ्ठीवर विसंबू नका. आणि नीट पाहून झालं, की मागून येणाऱ्यांसाठी थोडी शिल्लक ठेवा. तुमच्यापैकी कोणी मोठं होऊन मला पुन्हा तपासायला आलं, तर मी इथेच आहे. सावकाश या, मला कसली घाई?