हातभर जागा

पुंडलिकरावांनी नव्या पिकअपच्या मागच्या फाळक्यावर तळहात टेकवला आणि लगेच मागे घेतला. पत्रा काही तापलेला नव्हता. शोरूमच्या काचेतून आलेलं कार्तिकातलं सकाळचं ऊन ते, त्यानं काय तापणार. तरी त्यांनी हात पायजम्याला पुसला.

"काका, गाडी एकच, पण वरतून पॅक तीन हायेत," शोरूमचा अंकुर रंगीत कागद उलगडत म्हणाला. "पह्यलं म्हंजे एसी आन् पॉवरच्या काचा. दुसरं सेफ्टीचं, मागचा कॅमेरा, सेन्सर, एअरबॅग. तिसरं म्हंजे गाण्याचा सेट, सीट कव्हर, स्टिकर. सगळं कंपनीतूनच बसून येते."

"सगळेच टाक."

अंकुरचा पेन हवेतच राहिला. आर्णीकडचं गिऱ्हाईक यवतमाळला आलं की 'साधी द्या, बाकी बाहेरून बसवून घेतो' हेच पालुपद लावायचं. एकेक पॅक त्यांच्या गळी उतरवताना त्याच्या घशाला कोरड पडायची. आज तर आंधळा मागतो एक डोळा अन् देव देतो दोन, असं झालं होतं. गिऱ्हाइकाचं मन बदलायच्या आत लिहून घ्यावं म्हणून तो घाईने टेबलावर वाकला.

"लिहू नका," खुर्चीवर बसलेली निशिगंधा म्हणाली. "आई काय म्हणते ते ऐका अगोदर."

आई, म्हणजे विमल, लेकीच्या पलीकडे अंग चोरून बसली होती. तोंड भिंतीकडे, पदर कपाळापर्यंत. ती हळू आवाजात लेकीला म्हणाली, "त्याईले म्हण, एसी कायले पायजे? मांडवाच्या सामानाची गाडी. काच खाली करून डोकं बाहीर काढल्याबिगर मागचं दिसते का कोणाले?"

पुंडलिकराव चार हातांवर उभे होते. त्यांना सगळं ऐकू गेलं होतं. तरी निशिगंधाने ते त्यांच्याकडे वळून पुन्हा सांगितलं, आणि मगच त्यांनी उत्तर दिलं.

"तिले म्हण, कॅमेरा असला का डोकं बाहीर काढा लागत नाही."

अंकुर एकदा यांच्याकडे, एकदा तिच्याकडे बघत राहिला. त्याला वाटलं, भांडण दिसतं घरात. भांडण नव्हतं. पुंडलिकराव विमलचे भासरे, नवऱ्याचे थोरले भाऊ. भासऱ्यापुढे पदर ढळू द्यायचा नाही आणि त्याच्याशी समोरासमोर बोलायचं नाही, ही रीत आता गावात कोणी पाळत नाही. हल्लीच्या सुना भासऱ्याच्या मोटारसायकलवर मागे बसून खुशाल बाजाराला जातात. पण विमल लग्न होऊन आली तेव्हा सासू खमकी होती, आणि अंगवळणी पडलेलं सासू गेल्यावरही सुटलं नाही. सव्वीस वर्षं दोघांनी एका अंगणात काढली, निरोप्यावाचून एक शब्द न बोलता. आधी निरोप्या होता पंजाबराव, तिचा नवरा. तो प्रत्येक निरोपाला आपल्या पदरची मीठमिरची लावायचा आणि दोन्हीकडे हशा पिकवायचा. आता निशिगंधा होती. ती जसंच्या तसं सांगायची.

"आपला तो गाडीच्या सामानाचा दुकानवाला म्हणत होता, कॅमेरा बाहेर स्वस्तात बसते," निशिगंधा म्हणाली.

"बसते ना ताई, पण तो वायर कापते अन् वॉरंटी जाते. वरतून पावसाळ्यात पाणी शिरलं का चित्र बंद. कंपनीचं ते कंपनीचं." अंकुरने पाठ केलेलं घडाघडा म्हटलं आणि पुंडलिकरावांकडे वळला. "चालवणार तुम्हीच ना काका?"

"नाही. ड्रायव्हर ठेवून राह्यलो. लखीराम म्हणून हाय एक, तांड्यावरचा."

विमलची मान पहिल्यांदा भिंतीवरून हलली.

"निशे, ड्रायव्हरची गोष्ट घरी झाली नव्हती म्हण."

"मी चालवणार नाही म्हण तिले. कवाच नाही. म्हणून तं सगळं टाकून राह्यलो. परका माणूस, मागं पाह्याले कोणी नाही. गाडीलेच डोळे पायजे."

विमलने मांडीवरची पिशवी घट्ट धरली.

दोघा भावांचं बिछायत केंद्र होतं. गाद्या, खुर्च्या, भांडी, मांडवाचे बांबू. आर्णीपासून फुलसावंगीपर्यंत लग्न कुठंही असो, सामानाची पिकअप पुंडलिकराव चालवायचे, आणि गाडी मागे घ्यायची वेळ आली की पंजाब उडी मारून उतरायचा. फाळक्याच्या कोपऱ्यावर एकेक थाप म्हणजे येऊ दे. लागोपाठ दोन म्हणजे थांब. पण पंजाब स्वभावाने भित्रा. हातभर जागा शिल्लक असतानाच तो दोन थापा मारून मोकळा व्हायचा. थोरल्याला हे ठाऊक, म्हणून दोन थापा ऐकूनही तो गाडी हातभर घ्यायचाच. "तुया दोन थापा म्हंजे हातभर जागा बाकी हाय," असं चिडवायचा वर. अठरा वर्षं हे असं चाललं आणि गाडी कधी कुठल्या भिंतीला घासली नाही.

मागच्या वर्षी वैशाखातल्या एका लग्नात डीजे ठणाणत होता. गाडी मागे घेताना भिंतीशी ठेवलेला भाताने भरलेला मोठा पितळी गंज आडवा येत होता. तो सरकवायला पंजाब कोपरा सोडून गाडी आणि भिंतीच्या मधे शिरला, आणि तिथूनच त्याने फाळक्यावर दोन थापा मारल्या. पुंडलिकरावांनी नेहमीसारखी गाडी हातभर घेतली.

"डीजेत ऐकूच आलं नाही मले," त्यांनी सगळ्यांना सांगितलं. पोलिसांना, सोयऱ्यांना, स्वतःच्या बायकोलासुद्धा. सगळ्यांना पटलं, त्या गोंगाटात कानाशी बोललेलं ऐकू येत नव्हतं. खोटं बोललो हे एकट्या पुंडलिकरावांना माहीत होतं, आणि दीड वर्ष ते त्यांच्या घशात माशाच्या काट्यासारखं रुतून बसलं होतं.

गाडी त्यांनी महिन्याभरात विकून टाकली. केंद्राला कुलूप घातलं. दिवसभर शेडमध्ये गाद्यांच्या थप्पीला टेकून बसायचे, ताट समोर आलं तर दोन घास खायचे. विमलला हे बघवत नव्हतं. एक माणूस गेलं ते गेलं. दुसरं असं जितेपणी बसून राहिलेलं ती रोज अंगण झाडताना बघत होती. शेवटी दसऱ्याला तिनेच कुलूप काढलं, पंजाबच्या डायरीत स्वतःच्या हाताने तारखा लिहून घेतल्या. तुळशीच्या लग्नानंतरच्या अकरा तारखा. गाडी आली की भासरे आपोआप उठतील, स्टिअरिंगला हात लागला की माणूस ताळ्यावर येईल, असं तिला वाटलं होतं. म्हणून ती आज इथवर आली होती. आणि आता ते म्हणत होते, लखीराम.

"सेन्सर कसा असते, दाखव मले," पुंडलिकराव अंकुरला म्हणाले.

"मागं काही असलं का वाजते काका. लांब असलं तं थांबून थांबून, टीं, टीं. जसं जवळ आलं तसं जलदी. एकदम जवळ आलं का एकसारखं वाजत राह्यते."

"आन् वाजल्यावरबी माणूस थांबला नाही तं?"

अंकुर हसला. "काका, वाजवणं सेन्सरचं काम. ऐकूनही थांबला नाही, तं मग त्या माणसाचाच दोष. त्याले कंपनी काय करन?"

पुंडलिकरावांनी मान हलवली. दोनदा, तीनदा हलवत राहिले. मग गाडीच्या चाकाशी खाली बघत म्हणाले, "बरोबर हाय तुयं. त्याचाच दोष."

निशिगंधाला त्यात काही वेगळं वाटलं नाही. तिने मोबाईलमध्ये मायलेज बघायला घेतलं. विमल मात्र उठली. पिशवी लेकीच्या मांडीवर ठेवली आणि अंकुरला म्हणाली, "चालवून पाह्यासाठी गाडी असते ना तुमच्याइथं?"

"हाय ना ताई. मागच्या आवारात उभी हाय, टॉप मॉडेल."

"चाबी द्या त्याईले."

"तिले म्हण, मले नाही पाह्याची," पुंडलिकराव घाईघाईने म्हणाले. पण निशिगंधाने तोंड उघडायच्या आतच विमल काचेचं दार ढकलून आवारात गेली होती. पांढरी पिकअप भिंतीपासून पंधरा-वीस पावलांवर उभी होती. विमल चालत जाऊन गाडीच्या मागच्या कोपऱ्याशी उभी राहिली, हात फाळक्याजवळ धरून.

"आई, काय करून राह्यली तू?" निशिगंधा मागोमाग धावली. विमलने तिला हातानेच दूर उभं केलं.

आता बायामाणूस उन्हात उभं आहे आणि आपण आत खांब धरून, हे पुंडलिकरावांना बरं दिसेना. ते बाहेर आले. अंकुरने दार उघडून धरलं. दीड वर्षात पहिल्यांदा ते स्टिअरिंगच्या मागे बसले. अंकुर शेजारी बसला, त्यानेच चावी फिरवली.

"मागचा गिअर टाका काका. पाहा आता गंमत."

समोरचा छोटा पडदा उजळला. त्यात भिंत दिसली, भिंतीवरचा ओला चुना दिसला, आणि कडेला विमल. पदर वाऱ्याने खांद्यावर आला होता आणि तिने तो सावरला नव्हता. सव्वीस वर्षांत पुंडलिकरावांनी तिचा चेहरा असा सरळ पाहिला नव्हता. कपाळ मोकळं होतं. केस कानावर पांढरे झाले होते. ती थेट त्यांच्याकडे बघत होती. तिला कॅमेरा कुठे असतो तेही ठाऊक नसेल.

फाळक्यावर थाप पडली. एक.

पुंडलिकरावांचा पाय क्लचवरून उठेना.

पुन्हा एक थाप. येऊ दे.

त्यांनी डोळे पुसले आणि क्लच सोडला. गाडी बोटबोट सरकू लागली. थाप. थाप. विमल गाडीबरोबर मागे मागे जात होती, हात पत्र्यावर ठेवून. सेन्सर थांबून थांबून वाजू लागला, मग जलद. पुंडलिकरावांना तो ऐकूच येत नव्हता. ते थापा ऐकत होते.

लागोपाठ दोन थापा पडल्या.

त्यांनी ब्रेकवर पाय असा दाबला की अंकुरचं डोकं मागे आपटलं.

"अहो काका, अजून जागा हाय! पाहा पडद्यावर. हातभर तरी येऊ द्या."

"नाही."

"गाडी लागणार नाही काका, मी सांगतो ना."

"थांब म्हटलं तिनं," पुंडलिकराव म्हणाले आणि गाडी बंद केली.

ते उतरून मागे आले. फाळका आणि भिंत यांच्यामध्ये जागा होती. त्यांनी उजवा हात आत घातला. कोपर फाळक्याला टेकलं आणि बोटांची टोकं भिंतीच्या चुन्याला. बरोबर हातभर. पंजाब सोडायचा तेवढीच. एक वीतही कमी नाही, एक बोटही जास्त नाही. ही गोष्ट त्या दोघा भावांपलीकडे कोणाला माहीत असायचं कारणच नव्हतं.

त्यांनी हात काढला नाही. तसेच वाकून उभे राहिले.

"पोरीचे बाबा घरी येऊन सांगत," विमल म्हणाली. मधे कोणी नव्हतं. निशिगंधा दूर उभी होती, अंकुर गाडीत. "भाऊ काही ऐकते थोडी, असं म्हणत अन् हसत. म्हणून मी दोन थापा आधीच मारून देतो, म्हणत."

पुंडलिकरावांनी भिंतीकडेच बघत म्हटलं,

"मले ऐकू आलतं, विमल."

"माहीत हाय मले."

"कवापासून?"

"त्याच दिवसापासून."

मग मात्र ते तिथेच खाली बसले, चाकाला टेकून, आणि लहान पोरासारखे रडले. दीड वर्ष आवरलेलं होतं ते, सहजी थांबेना. विमल त्यांच्यापासून दोन पावलांवर उभी राहिली. तिच्याही डोळ्यांतून धार लागली होती. तिला त्यांचा राग आला नव्हता असं नाही; कित्येक रात्री इतका आला होता की भिंतीपलीकडे जाऊन विचारावं, काहून घेतली हातभर? पण ज्याच्यासाठी विचारायचं तो माणूसच दोघांचा होता. तिने पदर डोक्यावर घेतला आणि त्याच पदराने डोळे पुसले.

"मोठे बाबा!" निशिगंधा धावत आली. "काय झालं? लागलं का?"

"काही नाही बाई," पुंडलिकराव भिंतीला धरून उठले. तळहाताला चुना लागला होता.

अंकुर गाडीतून उतरला होता. नेमकं काय घडलं ते त्याला कळलं नव्हतं, पण विचारू नये एवढं कळलं होतं. त्याने फॉर्म छातीशी धरला, घसा साफ केला आणि विमलकडे बघून हळूच म्हणाला,

"मग ताई, कोणतं पॅक लिहू?"

विमलने भिंतीकडे तोंड केलं होतं. पदर पुन्हा कपाळापर्यंत आला होता.

"निशे," ती लेकीला म्हणाली, "त्याईले इचार. चालवायची त्याईलेच हाय."