आक्काची काच

लॅबमधल्या कुकरला वाफ धरली होती आणि मी घड्याळ बघत उभी होते, तेवढ्यात माधवी मॅडम आत आल्या.

"उपासनाताई, ही स्लाइड तुम्ही नका करू. युवराजला सांगते मी."

"युवराज घाईघाईत धुतो," मी म्हणाले. "आक्काची आहे. मीच करणार."

मॅडम आपल्या टेबलाकडं गेल्या. डॉक्टर त्या, रिपोर्टवर सही त्यांची. वयानं माझ्याहून दहा वर्षांनी लहान. टिळकवाडीतल्या या लॅबमध्ये एकोणीस वर्षं मी मेणात बसवलेल्या गाठींचे पापुद्रे कापते, काचेवर घेते आणि रंगवते. कुकर बघून नवीन येणारा प्रत्येक जण विचारतो, आमटी टाकलीय का म्हणून. सांगून सांगून तोंड दुखलं माझं. काचा त्यात उकळल्या की रंग नीट धरतो, एवढंच.

आज त्यात माझ्या बहिणीची काच होती. तानीबाई, निपाणी, वय अठ्ठावन्न, उजव्या स्तनातली गाठ. कॅन्सर आहे हे सोमवारीच ठरलं होतं. आता एवढंच बघायचं होतं, की त्या पेशींनी एकमेकींना धरून ठेवलंय की सोडलंय. धरून ठेवणारं एक प्रथिन असतं, ई-कॅडहेरिन. ते असलं की पेशीभोवती तपकिरी रेघ उमटते. अशी गाठ बहुतेक एका जागी सापडते आणि कधीकधी तेवढीच काढून भागतं. नसलं तर पेशी सुट्या होऊन आजूबाजूला शिरलेल्या असतात, आणि मग पुष्कळदा सगळंच काढावं लागतं, काखेपर्यंत. आक्काची बाजू उजवी. त्याच हातावर आमचं घर चाललं.

आई गेली तेव्हा मी चार वर्षांची होते, आक्का अठराची. मांडीवर सूप घेऊन ती दिवसभर विड्या वळायची. सुट्टीत मलाही बसवायची. माझी विडी हमखास सैल व्हायची. फेकायला गेले की मनगट धरायची. "टाकतीस कशाला? उकल. परत वळ." सैल विडी कारखान्यात छाट म्हणून बाजूला काढतात. आक्काच्या सुपातली छाट मी कधी पाहिली नाही. माझी शाळा, कॉलेज, हा कोर्स, सगळं त्या सुपातनं आलं. लग्नाचं नाव काढलं की ती म्हणायची, उपाचं होऊ दे आधी. माझं झालं, तिचं राहिलं.

दुपारी काच मायक्रोस्कोपखाली घेतली. जिथं तपकिरी दिसायला हवं होतं तिथं काही नव्हतं. नुसते पेशींचे निळे ठिपके, एकामागून एक, रांगेत चाललेले. मला काहीच वाटलं नाही. रडू येईल म्हणून मी थोडी थांबलेसुद्धा. ते आलं नाही. पाय गार पडले होते, पण फरशी गारच असते.

"माझंच चुकलंय," मी मॅडमना म्हणाले. "रंगाचा थेंब कमी पडला असेल."

एकोणीस वर्षांत हे वाक्य माझ्या तोंडून कधी निघालं नव्हतं. दुसरं कोणी म्हणालं तर भांडायला उठायची मी. आज मला मनापासून चुकायचं होतं.

मॅडमनी मला खुर्चीवर बसवलं आणि काच जराशी सरकवली. "कडेला बघा, ताई. ही दुधाची निरोगी नळी. हिच्यावर रंग किती छान धरलाय. तुमचा हात चुकला असता, तर हीपण कोरी राहिली असती."

हे मीच नवीन पोरींना शिकवते.

"परत करते," मी म्हणाले.

"करा," मॅडम म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी नवा पापुद्रा कापला, नवी बाटली फोडली, थेंब न् थेंब मोजून टाकला. निरोगी नळी तपकिरी. बाकीच्या पेशी कोऱ्या, रांगेत.

काच अजून माझ्या हातातच होती तेव्हा आक्का दारात आली. निपाणीच्या गाडीनं आली होती, हातात डब्याची पिशवी.

"फोन उचलत न्हाईस, म्हणून आलो मग," ती म्हणाली. "आलं व्हय रिपोट?"

पेशंटला सांगायचं काम मॅडमचं. मी कधी कुणाला सांगितलेलं नाही.

"पेशी सुटल्यात, आक्का. एकमेकींना सोडून आत शिरल्यात."

"दावतीस?"

काच मायक्रोस्कोपखाली ठेवून मी तिला खुर्चीवर बसवलं. एक डोळा मिटून ती बराच वेळ बघत राहिली.

"ही तपकिरी कुनाची?"

"तुझीच. चांगली हाय ती."

"आनि ह्या कोऱ्या?"

"त्याबी तुझ्याच."

"दोरा सुटला की तंबाखू सांडतीया," ती म्हणाली. "तसंच की गं." मग डोळा न काढता तिनं विचारलं, "हाताचं काय हुईल?"

"काखेतलं काढलं तर सुजायची भीती हाय. वळायला जमंलच, असं न्हाय सांगता येत."

  पलीकडं युवराजनं लावलेल्या कुकरची शिट्टी झाली.

"हे तू केलंस न्हवं?"

"व्हय."

"चुकली न्हाईस?"

"दोनदा केलं, आक्का. उकलून परत केलं."

तिनं मान वर केली. माझ्याकडं नीट बघितलं.

"मग छाट न्हवं त्ये," ती म्हणाली. "खरं हाय."

मग तिनं पिशवीतून डबा काढला. सकाळपासून मी काही खाल्लं नसणार, हे तिला कुणी सांगायला नको होतं. झाकण घट्ट बसलं होतं. मी हात पुढं केला, पण डबा तिनं दिला नाही. तो मांडीवर घेतला आणि उजव्या हातानं तिनंच उघडला.