धाकट्या मैदानाची हरळी

मी धाकटं मैदान बोलतोय. नांदेडजवळ गोदावरीच्या काठावर निजामाच्या काळातला एक क्लब आहे, त्याचं दुसरं गोल्फचं मैदान. थोरल्याचे फोटो क्लबच्या भिंतीवर लागतात. माझ्यावर नवशिके येतात, चेंडू नदीच्या वाळूत घालवतात आणि शिव्या मात्र मला देतात. आता सवय झाली आहे.

माझा जन्मच उरल्यासुरल्या जागेवर झाला. थोरल्याला आखून एक रेताड पट्टा राहिला होता. त्यावर हरळी लावली, भोकं पाडली, झालं मैदान! भोकाभोवती जी बारीक कापलेली हिरवळ असते, तिला ग्रीन म्हणतात. माझं जे काही रूप आहे ते तेवढंच.

यंदा माझ्या जागी लग्नाचं लॉन करावं, असं कमिटीच्या मनात आलं. पोळा झाल्यावर पाहणी करून ठरवायचं होतं. माझी देखभाल करणारे अमृतराव बेचैन झाले. त्यांनी हदगावच्या कावेरीबाईंना कामावर घेतलं. "बाई, शेवटचं ग्रीन साफ करा. सगळं तण काढा," एवढं सांगून ते शहरात निघून गेले.

कावेरीबाईंचा जन्म कापसात खुरपण्यात गेलेला. त्यांनी ग्रीन पाहिलं आणि कपाळाला हात लावला. सगळी हरळीच! शेतकऱ्याची जन्माची वैरीण. पदर खोचून त्या बसल्या. मला तोंड असतं तर बोंब मारली असती. संध्याकाळी अमृतराव परत आले, तेव्हा ग्रीन पेरणीला तयार होतं.

"बाई! हे काय केलं?"

"हरळी काढली, सायब. लई माजली व्हती. एक काडी ठिवली न्हाई."

अमृतराव हरळीच्या ढिगापाशी गेले. तेही चाकूरच्या शेतकऱ्याच्या घरातले. रागवायला तोंड उघडलं आणि त्यांना हसूच फुटलं. मग डोळे पुसत म्हणाले, "गावाकडं शाबासकी मिळाली असती तुम्हाला. पण इथं हेच पीक हाय. आता हे मैदान जातंय बघा."

कावेरीबाईंचं तोंड उतरलं. उपटलेल्या ढिगाकडं बघत त्या म्हणाल्या, "जलमभर उपटली, तरी मेली हटली न्हाई. लावून तर बघू."

दोघांनी वाकून कांडी कांडी मातीत खोचली. कावेरीबाई पाणी शिंपडत हरळीची मनधरणी करत होत्या, "ये माय, ये. मागचं इसर."

पोळा झाला आणि कमिटी आली, तेव्हा ग्रीनवर ठिगळं होती, पण हिरवी होती. साहेब लोक बुटांसकट वर चढणार, तोच कावेरीबाई आडव्या आल्या. "पायातलं काढा. लई कवळी हाय."

 अध्यक्षांनी वाकून बूट काढले, मागोमाग बाकीच्यांनीही. अनवाणी पायांनी ते बराच वेळ माझ्यावर हिंडले. लॉनचा विषय कुणी काढला नाही. जाताना अध्यक्ष एवढंच म्हणाले, "यंदा राहू द्या."

पुढच्या वर्षीचं मला ठाऊक नाही. कावेरीबाई रोज येतात. सवयीनं त्यांचा हात अजून हरळीकडं जातो, थबकतो आणि तिला थोपटून मागं येतो. मला तेवढं पुरतं.

तुम्ही कधी आलात, तर चेंडू खुशाल वाळूत घालवा. शेवटच्या ग्रीनवर मात्र चपला काढून या. तिथली हरळी तिला जन्मभर उपटणाऱ्या हातांनी लावली आहे.