डाळिंबाचं झाड नेताना

तीस वर्षं रोपवाटिका चालवून वहिनींनी लोकांच्या अंगणात हजारो झाडं लावली, पण स्वतःच्या अंगणातलं झाड मुळासकट काढायची वेळ त्यांच्यावर पहिल्यांदाच आली होती. नवऱ्याच्या माघारी घर विकलं होतं. नवी जागा तिसऱ्या मजल्यावर. तिथे माती म्हणावी तर कुंडीपुरती. म्हणून नवऱ्याने लावलेलं डाळिंब नणंदेच्या परसात न्यायचं ठरलं. नणंदेचं घरातलं नाव चिमणी. पन्नाशी उलटली, अंगानेही चांगली भरली, पण नाव काही तिला सोडून उडालं नाही.

सकाळी क्रेनवाल्याने झाड ट्रेलरवर आडवं ठेवलं. मुळांभोवतीचा मातीचा गोळा गोणपाटात आवळून बांधलेला, वजन सहज सहाशे किलो. तो पुढे, पिकअपकडच्या बाजूला असावा असं वहिनींना वाटत होतं. चिमणी म्हणाली, गोळा मागे ठेवला तर उतरवायला सोपं जाईल. शिवाय शेंडा पुढे असला की मागच्या काचेतून तो दिसत राहील. बिचारी दोन दिवस रडतच होती. वहिनींनी शब्दाने शब्द वाढवला नाही.

गाडी निघाली ती विलक्षण हलकी. वहिनी चालवत होत्या, आणि वळणावर गाडीची मागची बाजू तरंगल्यासारखी सहज फिरत होती. सामान बांधण्यात वहिनींची दोन रात्री झोप झाली नव्हती, त्यामुळे हे तरंगणं गाडीचं की आपलं, हे त्यांना कळेना. रस्त्यावर पिवळट ऊन पसरलं होतं. काचेमागे लाल फुलं हलत होती, जणू झाडच त्यांच्या खांद्यावरून वाकून रस्ता बघत होतं. कितीतरी महिन्यांनी छातीवरचं ओझं कुणी उचलून घेतल्यासारखं वाटलं. वहिनी गुणगुणायलाही लागल्या.

मग उतार लागला. गाडीने वेग घेतला आणि ट्रेलर मागून डावीकडे सरकला, मग उजवीकडे, मग पुन्हा डावीकडे, प्रत्येक वेळी जरा जास्तच. पिकअपचं बूड त्याच्याबरोबर फरफटू लागलं.

"वहिनी, ब्रेक दाब!"

"नाही, झोके वाढतील," वहिनी म्हणाल्या. त्यांनी अॅक्सिलरेटरवरचा पाय अलगद वर घेतला आणि स्टिअरिंग सरळ धरून ठेवलं. झोके लहान होत गेले. उताराच्या पायथ्याशी विटांचं गोदाम होतं. तिथे गाडी आत घेऊन त्यांनी इंजिन बंद केलं. चिमणीने दाराची मूठ अजून सोडली नव्हती.

गोदामातला फोर्कलिफ्टवाला पांढऱ्या मिशांचा, कमी बोलणारा माणूस होता. त्याने झाडाकडे पाहिलंच नाही. तो थेट ट्रेलर पिकअपला जोडणाऱ्या हुकापाशी जाऊन बसला.

"हुकावर भारच नाहीये," तो म्हणाला. "उलट ट्रेलर तुमच्या गाडीला मागून वर उचलतोय. म्हणून हलकं वाटलं असेल."

जड सामान ट्रेलरच्या चाकांच्या जरा पुढे हवं, त्याने समजावलं. एकूण वजनातला साधारण दहावा भाग हुकावर दाबून बसला पाहिजे. फार झाला तर पिकअपची पुढची चाकं हलकी होतात, तेही वाईट. वहिनींना हे ठाऊक होतं. ठाऊक असून गप्प बसल्याचीच त्यांना लाज वाटली.

त्याने पट्टे अडकवून झाड उचललं. डाळिंब हवेत तरंगलं आणि सावकाश स्वतःभोवती फिरू लागलं. विटा रचणारी माणसं हात थांबवून बघत राहिली. फुलं एकेक करून लाल धुळीत पडत होती. चिमणी एक फांदी धरून झाडाबरोबर गोल चालत होती, आजाऱ्याला कूस बदलायला मदत करावी तशी. गोळा पुढे आला, शेंडा मागे गेला. ट्रेलरच्या दांड्याखाली गोदामातला वजनकाटा सरकवून त्याने मोजलं. पंचाण्णव किलो, ट्रेलरसकट साडेनऊशेचा दहावा भाग. तो मान हलवून आपल्या कामाला निघून गेला.

आता पिकअप जडपणे रस्त्याला धरून चालत होती. मागच्या काचेतून फक्त गोणपाट दिसत होतं.

"हलकी चालत होती ना, तेव्हा मला फार बरं वाटत होतं, चिमणे," वहिनी म्हणाल्या. "तुझा दादा गेल्यापासून पहिल्यांदा."

"मला वाटायचं, तुला काही वाटतच नाही. एकदाही रडली नाहीस."

"तू रडत होतीस ना. कुणीतरी गाडी चालवायला हवी होती."

चिमणीने त्यांच्या गिअरवरच्या हातावर हात ठेवला, आणि वहिनींना समोरचा रस्ता धूसर दिसू लागला. त्यांनी गाडी कडेला घेतली. दोघी तिथे पुष्कळ वेळ बसून होत्या.

झाड उतरवायला दुपारभर झटापट झाली. खड्ड्यात सरळ उभं राहीपर्यंत ऊन कलतीला लागलं. आठवड्यात त्याची पानं झडली. चिमणी रोज फोन करायची आणि वहिनी रोज तेच सांगायच्या, पाणी बेताने घाल, धीर धर. दीड महिन्याने सकाळी सकाळी फोन आला. बुंध्यापाशी तांबूस पालवी फुटली होती, तांदळाच्या दाण्याएवढी.

"बघायला येतेस?" चिमणीने विचारलं.

वहिनींनी पिकअपची किल्ली घेतली. "चहा टाक," त्या म्हणाल्या.