कानाशी सांगितलेलं

"काका, विसरण्याच्या आजारावरचं पुस्तक आलंय!" मी काउंटरवरून खच्चून ओरडले. त्यांना कमी ऐकू येतं ना! अशा वाचकांशी मोठ्याने बोला, ही पाटी माझ्याच पाठीमागे आहे. वाचकाचं वाचन गुप्त ठेवा, ही तिच्याखाली. अख्ख्या वाचनालयाने माना वळवल्या. मागच्या खेपेला काका माझ्या कानाशी वाकून म्हणाले होते, "हिच्यासाठी हवंय, पण हिला कळू देऊ नका." आणि आता काकूच पेपरच्या टेबलावरून उठून आल्या. जळली मेली माझी जीभ! मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"कुणाला झालाय हो?" काकूंनी काकांच्या कानाशी विचारलं.

"मला," काका म्हणाले.

काकूंनी त्यांचा हात धरला. "घाबरता कशाला? मी आहे ना सगळं लक्षात ठेवायला."