पंचनाम्यातला आड

"ज्यानं हे लिवलंय, त्यो खोटारडा हाय. आडात वाकून बघितलं सुदीक न्हाई त्यानं!"

गुणमालानं कागद तांब्याच्या घागरीवर आपटला. रिकामी घागर सोपाभर घुमली. जुन्या लुगड्यात भांडी बांधत बसलेल्या तात्यासाहेबांच्या हातातली गाठ सुटली. घराच्या विक्रीचे कागद त्यांनी कपाटात, जुन्या पंचांगांच्या मागं सारून ठेवले होते. आज कपाटही रिकामं करायचं होतं, हे त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं.

कागद म्हणजे घराचा पंचनामा. खोल्या, मागलं परडं, आड. आडापुढं एकच शब्द, 'कोरडा'.

लिहिणारा सरकारी साहेब गेल्या महिन्यात आला. सोप्यातल्या खुर्चीत बसला, चहा प्यायला, आणि खुर्चीतूनच अख्खं घर तपासून गेला. आड तिथून वीस पावलांवर. वीस पावलं चालण्याचाच पगार त्याला मिळत होता, पण चालणार कोण? एजंट म्हणाला होता, घेणाऱ्याला परड्यात गाडी लावायचीय, आड बुजवावा लागेल. पाण्याचा आड बुजवायचा तर परवानगीचा कागद वर जाणार, आणि वर गेलेला कागद वर्षभर खाली येत नाही.

"कोरडाच लिहितो, काय?" साहेबानं विचारलं.

तात्यासाहेबांनी मान डोलावली. मागल्या पानावर साक्षीदार म्हणून सहीही केली.

सही करताना त्यांच्या डोळ्यांपुढं गेल्या वर्षीचा श्रावण होता. आडाच्या शेवाळल्या दगडावरून गुणमाला घसरली आणि तासभर तशीच पडून राहिली. ते मंदिरातून परतले तेव्हा दात आवळून म्हणाली, "बादली वाचली बघा." तिच्या खुब्यात आता सळई होती. सांगलीत लेकीच्या, रूपालीच्या शेजारी तळमजल्याचा फ्लॅट ठरला होता. तिथं नळ होता. दगड नव्हता, रहाट नव्हता.

"कारकुनाची चूक आसंल," ते म्हणाले. "जाऊ दे. उद्या मुरूम पडायचाच हाय त्यात."

गुणमालानं काठी उचलली, गाळण्याचं कापड खांद्यावर टाकलं, घागर काखेत धरली आणि परड्यात गेली. पंचनामा पाकिटात सारून तात्यासाहेब मागोमाग गेले.

परड्यात वीरधवल टेपनं जागा मोजत होता. घर त्यानंच घेतलं होतं. फौजेतून हवालदार म्हणून सुटलेला, मूळचा दुष्काळी आटपाडीचा. रहाट करकरला तसा तो वळला.

बादली वर आली. गुणमालानं घागरीच्या तोंडावर कापड दुहेरी धरून पाणी गाळलं. मग गाळलेलं थोडं पाणी बादलीत घेऊन त्यात कापड उलटं खंगाळलं. कापडाला अडकलेले, डोळ्यांना न दिसणारे जीव ज्या पाण्यातले त्याच पाण्यात माघारी जायचे. तेही वरून फेकायचे नाहीत. बादलीच्या बुडाला कडी होती, कडीला दुसरी दोरी. बादली पाण्याला टेकली की ती दोरी ओढून हळूच पालथी करायची. जुनी कडी झिजली होती. तात्यासाहेबांनी गेल्याच आठवड्यात नवी बसवून आणली होती, उरल्या चार दिवसांसाठी. कशाला, ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

"काकू, हे पानी कुठनं काढलंसा?"

"आडातनं. आनि कुठनं?"

"कोरडा हाय म्हनले की मला."

"मग पिऊन बघा कोरडं कसं लागतंय ते."

वीरधवल ओंजळीनं प्याला. मिशा पुसल्या. टेप गुंडाळून खिशात टाकला.

"आमच्याकडं टँकर यायच्या आधी आई मला बॅरलवर बसवून ठेवायची, नंबर जाऊ नये म्हनून. आनि मी ह्यात मुरूम टाकनार हुतो?"

"तुमाला गाडी लावायची हाय न्हवं?" तात्यासाहेबांचा आवाज बारीक झाला.

"कसली गाडी, तात्या? मोटरसायकल हाय माझी. पोरं बारकी हायत, कोरड्या खड्ड्यात पडतील म्हनून बुजवनार हुतो. आता वर जाळी टाकतो." तो फाटकाकडं निघाला. "ट्रॅक्टरवाल्याला सांगून येतो, येऊ नगंस म्हनून."

तात्यासाहेब दगडावर टेकले. त्यांना हलकं वाटायला हवं होतं.

"कागदावर त्यो कोरडाच हाय," गुणमाला म्हणाली. "उद्या आनि कोन येईल, कागद बघंल, बुजवून टाकंल. चाळीस वर्सं एकेक जीव माघारी सोडला मी. लिवा अर्ज."

त्यांनी खिशातलं पेन काढलं. पंचनाम्याच्याच पाकिटाची पाठ मांडीवर धरली.

"साहेब, तुमी आड बघितला न्हाई. वीस पावलं चालला न्हाईसा. न बघता कोरडा लिवला, ते का?"

ती सांगेल तसं त्यांनी लिहिलं.

"म्होरं लिवा. मागल्या पानावर साक्षीदार म्हनून ज्यांची सही हाय..."

पेन थांबलं. तात्यासाहेबांनी वर बघितलं नाही.

"...त्यांनाबी इचारा. चाळीस वर्सं तुमी कुठल्या आडाचं पानी प्यालासा?"

"गुणा, तुझा पाय..."

"माझ्या पायापायी केलंसा, ते कळतंय मला. पन त्या जिवांनी मोडला न्हवता माझा पाय."

तिनं घागर वाकडी करून तांब्या भरला आणि त्यांच्या हाताशी ठेवला. त्यांच्या सदऱ्याच्या बाहीवर भांड्यांची काजळी लागली होती, ती पदरानं पुसली.

"आधी पानी प्या. मग उत्तर द्या. तोंडी नगं, आवं. लेखी पायजे."