तांदळातली नकुसा

माघाचं ऊन. कोवळं नव्हे, कडक नव्हे. मधुपिंगल, मंद, मऊ. कृष्णाकाठच्या निगडवाडीत त्या दिवसांत सूर्य आभाळात कमी आणि अंगणात जास्त असतो, कारण अंगणोअंगणी शिजवलेली हळद वाळत पडलेली असते. पिवळी खळी, पिवळ्या वाटा, पिवळी पावलं. गाईंच्या पाठीवर पीतधूळ, पारावरच्या म्हाताऱ्यांच्या मिशांत पीतधूळ, आणि खाली ते संथ, श्यामल, समंजस पाणी. अशा एका सुवर्णस्नात दुपारी जगदाळ्यांच्या दारातल्या मांडवात नकुसाचं लग्न लागलं.

होय, नकुसा. नीट ऐकलंत. तीन मुलींच्या पाठीवर ही चौथी आली, तेव्हा ना पाळणा सजला, ना पाळण्याचं गाणं उठलं. आत्यानं कानात कुर्र केलं आणि बापाच्या, हणमंत जगदाळ्याच्या सांगण्यावरून ती तीन अक्षरं त्या इवल्या, उष्ण, अजाण कानात सोडली. त्या मुलखात समजूतच होती तशी. नको असलेल्या पोरीला नकुसा म्हणायचं, म्हणजे देवाला कळतं आणि पुढच्या खेपेला तो मुलगा देतो. देवाला काही कळलं नाही. मुलगा झालाच नाही. नाव तेवढं राहिलं. घ्या!

ते नाव तिनं सोसलं. हजेरीच्या वेळी वर्गभर पिकणारं हसू सोसलं. पाहुण्यांच्या 'अगंबाई, असलं नाव?' मधली मायाळू, मधाळ, मर्मभेदी कीव सोसली. विहिरीच्या काठावर एकटीच बसून, पाण्यात वाकून, तिनं ते नाव कितीदा तरी स्वतःलाच हाक मारावी तसं म्हटलं. रडत म्हटलं. मग चिडून म्हटलं. मग एके दिवशी नुसतंच म्हटलं, आणि त्या दिवशी ते नाव तिचं झालं.

पुढं मामाच्या दुकानात ती मोटरी भरायला शिकली. विहिरीवरच्या, नदीवरच्या जळालेल्या मोटरी. काळवंडलेली, करपलेली, कोळसलेली वेटोळी उपसायची आणि नवी ताम्रतेजस्वी तार फेऱ्याला फेरा लावून भरायची. मामा थकला तशी तिनं दुकानावर नवी पाटी लावली: 'नकुसा मोटर रिवाइंडिंग'. लाल अक्षरं, हातभर उंच. पंचक्रोशीतला पाटलासारखा पाटील भर उन्हात तिच्या दारात बसू लागला, "नकुसाबाई, ऊस वाळतोय, तेवढं आधी आमचं बघा," म्हणू लागला. कीव कुठल्या कुठं पळाली.

तिथंच एका चैत्रात अवधूत शेवाळे आला, खांद्यावर जळकी मोटर घेऊन, घामानं निथळत. "नकुसा कोण?" त्यानं विचारलं. ना हसला, ना हळहळला, नुसतं विचारलं. तिनं तारेवरून नजर उचलली आणि, काय सांगावं, तिच्या हातून फेरे मोजायचे चुकले. आयुष्यात पहिल्यांदा चुकले. मोटर दोनदा भरावी लागली. मग पुढची तीन वर्षं शेवाळ्यांच्या मोटरी जरा जास्तच जळू लागल्या.

लग्न ठरलं. शेवाळ्यांची एक रीत होती. सून घरात घ्यायची ती नवं नाव ठेवूनच. मांडवातच लक्ष्मीपूजन करायचं, ताटात तांदूळ पसरायचे, नवऱ्यानं अंगठीनं त्यात बायकोचं नवं नाव लिहायचं, पेढे वाटायचे. जुनं नाव माहेरीच राहायचं. नकुसानं अवधूतला आधीच बजावलं होतं, "माझं नाव बदलायचं न्हाई. घरी सांगून ठेव." तो म्हणाला, "सांगतो की."

हणमंतरावांनी मात्र आदल्या दिवशी लेकीपुढं हात जोडले होते. खंगलेला, खचलेला, खालमानेचा बाप. "बदलू दे गं पोरी नाव. माझ्या माथ्यावरचा डाग तरी पुसंल."

"डाग तुमचा हाय आबा," ती म्हणाली. "नाव माझं हाय."

आणि आता मांडवात ते ताट. रुपेरी ताट, शुभ्र तांदूळ, हळदीकुंकवाची बोटं. आणि ताटामागं, हे तिनं आत्ता पाहिलं, सासरहून आलेली नवीकोरी स्टीलची भांडी. हंडे, डबे, परात, पातेली, रांगेनं, झळाळत. प्रत्येकावर नाव घातलेलं: सौ. वैदेही अवधूत शेवाळे. पेल्यावर वैदेही. झाऱ्यावर वैदेही. अहो, चिमट्यावरसुद्धा वैदेही! सासूबाई, इंदुमती, माउलीच्या मायेनं ओथंबून म्हणाल्या, "लिही रे अवधूत. किती गोड नाव काढलंय मी सुनेला."

अवधूतची अंगठी तांदळावर थांबली. त्यानं घरी सांगितलंच नव्हतं.

तिच्या अंगातून संतापाची लाट गेली. लाल, लखलखीत, लाजेला न जुमानणारी. भांड्यांचा नव्हे, सासूचाही नव्हे, त्याचा. भरल्या मांडवात, गुरुजींसमोर, तिनं नवऱ्याला सरळ एकेरीत विचारलं, "अवधूत, तीन वर्षं तू मला कुठल्या नावानं हाक मारलीस?"

सनईवाल्यानं सनई तोंडातून काढली.

"नकुसा," तो म्हणाला. मग आईकडं वळला. त्याचा चेहरा शरमेनं काळवंडला होता. "आई, चुकलं माझं. तुझ्यापुढं जीभच रेटली न्हाई. हिला नाव बदलायचं न्हाई. आणि मलाबी ती नकुसाच पायजे."

"अरे पण असलं नाव!" इंदुमतीबाई म्हणाल्या. "माझ्या सुनेला उठता बसता कुणी तसं म्हणायचं? माझ्या जिवाला लागंल रे ते. आणि एवढ्या भांड्यांवर नाव घातलं, त्याचं काय करू?"

"भांडी वापरीन की मी, आत्याबाई," नकुसा म्हणाली. "शेजारच्या वैदेहीची म्हणून जपून वापरीन."

कुणीतरी फिस्सकन हसलं. ती हसली नाही. तिचा आवाज खोल गेला, खोल विहिरीतल्या पाण्याइतका. "तुमची माया कळती मला. पर हे नाव एका पोरीनं सोसलंय. हजेरीला, बारशाला, लग्नाकार्यात, मान खाली घालून सोसलंय. आज मी वैदेही होऊन निघून गेले, तर ती पोर पुन्हा एकदा कुणालाच नको झाली. तिला मी सोडणार न्हाई. तुम्हाला नकुसा सून चालत नसंल तर तसं सांगा. मी हितनंच माघारी घरात जाते."

मुंडावळ्यांचे मणी तेवढे हलत होते. ती पुतळ्यासारखी उभी होती, हळदलिप्त, हिरव्या चुड्याची, हट्टी. तिला अवधूत हवा होता, जीव तुटेपर्यंत हवा होता. पण पाय मागं सरला नाही.

इंदुमतीबाईंनी पदरानं डोळे टिपले आणि त्या म्हणाल्या, "लिही बाबा. तिचंच लिही."

अवधूतनं अंगठी पुढं केली. नकुसानं ती त्याच्या हातातून काढून घेतली.

"तू न्हाई," ती म्हणाली. "आबा, तुम्ही या."

मांडवाच्या कडेला, खांबाला टेकून बसलेला बाप दचकला. लोकांनी वाट दिली. तो आला, ताटासमोर गुडघे टेकून बसला. तिनं त्याच्या रापलेल्या, राठ, हळदीनं पिवळ्या पडलेल्या बोटांत अंगठी ठेवली. सव्वीस वर्षांपूर्वी हे नाव त्यानं बहिणीच्या कानात कुजबुजलं होतं. आज त्याला ते सगळ्यांदेखत लिहायचं होतं.

तो लिहू लागला. एक अक्षर, थांबला. दुसरं अक्षर, डोळे भरले. तिसऱ्या अक्षराशी त्यानं अंगठी इतकी दाबली की तांदळाचे दाणे ताटाबाहेर सांडले.

"वाचा," ती म्हणाली.

"नकुसा," बाप पुटपुटला.

"मोठ्यानं, आबा."

हणमंत जगदाळ्यानं मान वर केली. लेकीच्या डोळ्यांत पाहिलं. त्या डोळ्यांत क्षमा नव्हती, सूडही नव्हता. ती नुसती वाट पाहत होती. मग त्या म्हाताऱ्या छातीतून, गाळ फोडून पाणी उसळावं तसा, तो आवाज उसळला, "नकुसा! माझी नकुसा!"

तिनं ताट दोन्ही हातांत उचललं. एकही रेघ मोडणार नाही, एकही दाणा ढळणार नाही, इतकं अलगद उचललं. सासरी निघताना रीतीप्रमाणं नवरा पुढं आणि नवरी मागं. अवधूत बाजूला सरला, त्यानं वाट दिली. आणि ती, ताटावर नजर, ताठ कणा, सावकाश, सावरून, सगळ्यांच्या पुढं चालू लागली.